एल. ए. नॉयर: पाच स्टारची केस आणि निर्दोष कैदी

गुन्हेगारी मालिका किंवा सिनेमा बघताना प्रत्येक जण मनातल्या मनात निकाल देत असतो. हा खोटं बोलतोय, हिला सगळं ठाऊक आहे, नवऱ्यानेच केलं असणार. निकाल चुकला तरी गोष्ट पुढे सरकते आणि आपल्याला कुणी जाब विचारत नाही. 'एल. ए. नॉयर' हा गेम तोच निकाल आपल्या बोटाखालच्या बटणावर आणून ठेवतो. सिडनीतल्या टीम बाँडी या स्टुडिओने तो बनवला आणि रॉकस्टार गेम्सने मे 2011 मध्ये प्लेस्टेशन 3 आणि एक्सबॉक्स 360 साठी आणला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो पीसीवर आला. नोव्हेंबर 2017 मध्ये प्लेस्टेशन 4, एक्सबॉक्स वन आणि निन्टेंडो स्विचसाठी सुधारित आवृत्ती निघाली. हे परीक्षण मुख्यतः त्या सुधारित आवृत्तीचं आहे. गुन्ह्याच्या गोष्टीत लोक अर्थ कसा शोधतात आणि कुठे हुकतात, हे समजून घ्यायचं असेल तर हा गेम आजही घ्यावा असं माझं ठाम मत आहे. त्यात दोष भरपूर आहेत, आणि ते दोषही बरंच काही शिकवतात.

पुढे होमिसाइड डेस्कचा, म्हणजे खुनांचा तपास करणाऱ्या विभागाच्या भागाचा, शेवट उघड केला आहे. तो कोरा अनुभवायचा असेल तर आधी तेवढा भाग खेळून घ्या.

काळ 1947 चा, शहर लॉस एंजेलिस. आपण चालवतो तो कोल फेल्प्स हा दुसऱ्या महायुद्धात ओकिनावाच्या लढाईतून परतलेला, अमेरिकन मरीन दलातला माजी सैनिक. तो गस्तीवरचा पोलीस म्हणून सुरुवात करतो आणि ट्रॅफिक, होमिसाइड, व्हाइस (अमली पदार्थ वगैरे अवैध धंदे), आर्सन (जाळपोळ) अशा डेस्कवरून पुढे जातो. मूळ गेममध्ये 21 केस होत्या. नंतर वेगळ्या विकल्या गेलेल्या केसही सुधारित आवृत्तीत धरलेल्या आहेत.

केसची रीत ठरलेली आहे. घटनास्थळी जायचं, वस्तू उचलायच्या, माणसांशी बोलायचं, मग ठाण्यात संशयिताला समोर बसवायचं. पुरावा जवळ असला की कंट्रोलर थरथरतो. घटनास्थळाचं संगीत चालू असेपर्यंत काहीतरी शिल्लक आहे असं समजायचं. सगळं सापडलं की संगीत थांबतं. इथे नवखे एक चूक हमखास करतात. वस्तू उचलली की काम झालं असं त्यांना वाटतं. पण बऱ्याच वस्तू हातात फिरवून बघाव्या लागतात. स्टिकने मनगट हळूहळू वळवायचं, ठरावीक कोनात कॅमेरा आपोआप जवळ जातो, आणि मग पाकीट उघडतं किंवा पिस्तुलावरचा क्रमांक दिसतो. तेवढं केल्याशिवाय नोंद फेल्प्सच्या वहीत चढत नाही. चौकशीत पुढे पुरावा म्हणून हीच नोंद मागितली जाते. ती नसेल तर बरोबर उत्तर ठाऊक असूनही देता येत नाही.

आता मुख्य गोष्ट, चेहरा. मोशनस्कॅन नावाच्या तंत्राने नटांचे चेहरे 32 कॅमेऱ्यांनी टिपले गेले. नट खुर्चीत बसून संवाद बोलायचा आणि त्याच्या चेहऱ्यावरची प्रत्येक हालचाल जशीच्या तशी गेममध्ये यायची. शरीराची हालचाल वेगळी टिपली होती. म्हणून कधी कधी जिवंत चेहरा एका ताठ धडावर बसवल्यासारखा दिसतो, आणि हा सांधा आजही खटकतो. पण चेहऱ्याचं काम अजून जुनं वाटत नाही. प्रश्न विचारला जातो, माणूस उत्तर देतो, आणि मग कॅमेरा त्याच्यावरच थांबून राहतो. खरा निर्णय या थांबण्यात होतो. उत्तर देताना बहुतेक जण सावरलेले असतात. उत्तर संपल्यावर नजर सरकते, घोट गिळला जातो, ओठाचा एक कोपरा आत ओढला जातो, मान किंचित वळते. म्हणून वाक्य संपल्याबरोबर बटण दाबू नका. काही सेकंद नुसतं बघत राहा. चेहऱ्याचा तोच तुकडा पुन्हा पुन्हा फिरत राहतो, त्यामुळे घाई करून हाती काही लागत नाही.

पर्याय तीन. मूळ गेममध्ये त्यांची नावं खरं, शंका आणि खोटं अशा अर्थाची होती. 2017 च्या आवृत्तीत ती बदलून गुड कॉप (समजुतीने विचारणारा पोलीस), बॅड कॉप (दरडावणारा पोलीस) आणि अक्यूझ (थेट आरोप) अशी झाली. बदल वरवरचा वाटेल, पण खेळणाऱ्याने समोरच्याकडे कसं बघायचं हेच त्याने बदललं. पूर्वी 'शंका' निवडली की साध्या साक्षीदारावर फेल्प्स एकदम ओरडायचा आणि खेळणारा दचकायचा. आपल्याला वाटलं होतं की हळूच विचारू. झालं असं की संवाद रेकॉर्ड झाले तेव्हा तो पर्याय जोर लावण्याचा होता, आणि बटणावरचं नाव नंतर बदललं. नव्या नावांमुळे निदान फेल्प्स कसा वागणार आहे हे आधी कळतं. पण त्यासोबत काहीतरी हरवलंही. जुनी नावं समोरच्या माणसाबद्दल मत मागत होती, नवी नावं फेल्प्सच्या वागण्याची निवड मागतात. चेहरा वाचण्यातला ताण थोडा सैल होतो. दोन्हींत मला नवी पद्धत बरी वाटते, कारण तिच्यात खेळणाऱ्याची फसवणूक नाही.

यातला नियम एकदा नीट समजून घेतला की अर्ध्याहून अधिक चुका टळतात. समोरच्याच्या नेमक्या विधानाला खोडून काढणारी वस्तू वहीत असेल तरच अक्यूझ निवडा. चेहरा डळमळतोय पण तशी वस्तू नाही, तर बॅड कॉप. दोन्ही नसेल तर गुड कॉप. चूक बहुतेक वेळा 'नेमक्या' या शब्दापाशी होते. 'मी त्या रात्री तिला भेटलोच नाही' असं कुणी म्हणालं, तर दोघांचा जुना फोटो पुरावा ठरत नाही, कारण तो ओळख सिद्ध करतो, त्या रात्रीची भेट नाही. त्या रात्रीची तारीख असलेली पावती चालते. संबंध आहे म्हणजे विरोध आहे, असं मानून खेळाडू चुकतात. खात्री नसेल तर एक सोय आहे. अक्यूझ दाबा आणि संशयित काय म्हणतो ते ऐका. 'सिद्ध कर' म्हणताना तो बहुतेक वेळा कशाचा पुरावा हवा तेही बोलून जातो. वहीत तसं काही नसेल तर आरोप मागे घेता येतो, आणि त्याचा दंड नाही.

शिवाय इन्ट्युशन पॉइंट असतात. हुद्दा वाढला की मिळतात आणि एका वेळी पाचच साठवता येतात. एक खर्च केला की तीनपैकी एक चुकीचा पर्याय गळतो, किंवा घटनास्थळी उरलेले सगळे पुरावे नकाशावर दिसतात. ऑनलाइन जोडलेले असाल तर इतर खेळाडूंनी त्या प्रश्नाला काय निवडलं याची टक्केवारीही बघता येते. मला ही तिसरी सोय सगळ्यात मोलाची वाटते. एकाच चेहऱ्याकडे बघून किती जणांनी काय अर्थ लावला, हे इथे आकड्यात दिसतं. जिथे टक्केवारी एका बाजूला झुकलेली नसते तिथे थांबून चेहरा पुन्हा बघा. लेखन संदिग्ध आहे की अभिनय, हे लक्षात यायला लागतं. पॉइंट सुरुवातीच्या केसमध्ये उधळू नका. गस्त आणि ट्रॅफिकमधले संशयित मोठ्या, सोप्या खुणा देतात. व्हाइस आणि आर्सनमध्ये चेहरे आवरलेले असतात.

इथे एक गंभीर आक्षेप नोंदवायला हवा. नजर चुकवली म्हणजे खोटं, हात अस्वस्थ म्हणजे अपराधी, ही समजूत सिनेमाने आणि मालिकांनी आपल्यात पक्की केली आहे. खोटं बोलण्यावर झालेल्या मानसशास्त्रीय संशोधनात तिला भक्कम आधार मिळत नाही. घाबरलेला निर्दोष माणूसही नजर चुकवतो आणि सरावलेला खोटारडा डोळ्यांत बघून बोलतो. गेममधल्या नटांना खोटेपणा दिसेल असाच अभिनय करायचा होता, नाहीतर खेळ चाललाच नसता. म्हणजे आपण जे वाचतो ती चौकशीच्या दृश्यात नट कसा वागतो याची रूढी आहे. गेम खेळताना हे भान ठेवायला हवं. खेळून झाल्यावर आपल्याला माणसं ओळखता येतात असा समज करून घेणारे खूप भेटतात, आणि तो समज खऱ्या आयुष्यात घातक आहे.

आता होमिसाइड डेस्क. माझ्या लेखी अख्ख्या गेमचं वजन इथे आहे, आणि सगळ्यात जास्त गैरसमजही याच भागाबद्दल आहेत.

पार्श्वभूमी खरी आहे. एलिझाबेथ शॉर्ट या तरुणीचा मृतदेह 15 जानेवारी 1947 रोजी लॉस एंजेलिसमध्ये सापडला. वर्तमानपत्रांनी तिला ब्लॅक डाहलिया म्हटलं, आणि तो खून आजही उलगडलेला नाही. गेममध्ये त्यानंतर एकामागून एक बायकांचे खून होतात. प्रत्येक केसमध्ये कुणीतरी पकडला जातो, त्याच्याकडे रक्ताळलेली वस्तू सापडते, केस बंद होते. सोबतचा अधिकारी रस्टी गॅलोवे पहिल्यापासून एकच ऐकवत असतो, की खुनी नवरा किंवा प्रियकरच असतो. फेल्प्सला या खुनांमागे एकच हात दिसतो, पण वरिष्ठ ते मान्य करत नाहीत.

'द गोल्डन बटरफ्लाय' ही केस जवळून बघू. डीड्रा मोलर नावाच्या बाईचा खून झालाय. एका खोलीत तिचा नवरा ह्यूगो बसलाय. त्याने घरामागच्या भट्टीत बूट जाळायचा प्रयत्न केला आणि पोलिसांना बघून पळाला. दुसऱ्या खोलीत एली रूनी, लहान मुलांवरच्या अत्याचाराचा जुना गुन्हेगार. पुरावा दोघांकडेही बोट दाखवतो. आपण एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जात राहतो, आणि शेवटी कुणावर गुन्हा ठेवायचा हे आपणच ठरवायचं. रूनीला निवडलं की आपला वरिष्ठ कॅप्टन डॉनली खूश. नवऱ्याला निवडलं की तो नाराज, कारण असा नराधम हातात असताना सोडलाच कसा. दोन्ही वेळा केस बंद होते.

आणि दोघेही निर्दोष असतात. खुनी आहे गॅरेट मेसन नावाचा एक बारटेंडर. आधीच्या तपासात तो आपल्या डोळ्यांसमोरून गेलेला असतो आणि कुणीच त्याच्याकडे लक्ष दिलेलं नसतं. पुरावे त्यानेच इतरांकडे पेरलेले. शेवटच्या केसमध्ये तो मारला जातो. पण तो एका बड्या राजकारण्याचा सावत्र भाऊ निघतो, म्हणून प्रकरण दाबलं जातं. अटकेतल्या माणसांना गाजावाजा न करता सोडू, असं आश्वासन मिळतं. जाहीर कबुली कुणीच देत नाही.

बहुतेक खेळाडूंचा इथे संताप होतो. एवढी मेहनत करून, प्रत्येक प्रश्न बरोबर सोडवून शेवटी सगळे चुकलेच, मग माझ्या निवडीला अर्थ काय? गेम हुशारीला किंमत देत नाही, अशी तक्रार सुरुवातीपासून आहे. तक्रार समजण्यासारखी आहे, पण तिथेच थांबणं मला मान्य नाही. प्रत्येक केस संपल्यावर पाचपैकी काही स्टार मिळतात, ते कशाचे मिळत होते ते बघा. प्रश्न बरोबर, पुरावे पूर्ण, नुकसान कमी, आरोप दाखल. सत्य सापडलं की नाही, हा निकष त्या यादीत कुठेच नव्हता. पाच स्टारची केस आणि निर्दोष माणूस कोठडीत, हे दोन्ही एकाच वेळी घडलं आणि आपल्याला ते खटकलं नाही, कारण गुण मिळत होते. कॅप्टनला निकाल हवा होता, आपल्याला स्टार. पोलीस खात्यातल्या दबावाबद्दल मालिकांमध्ये पात्रं तासन्‌तास बोलतात. इथे तो दबाव नियमांतून आपल्यावरच येतो आणि आपण त्याला बळी पडतो. गेमच्या विषयाचा इतका नेमका वापर फार थोड्या ठिकाणी झालाय.

गेमची चूक निराळ्या जागी आहे. खेळाडूला शंका येते तेव्हा ती मांडायला जागाच दिलेली नाही. पुरावे जरा जास्तच सोयीने मिळताहेत, हे तिसऱ्या खुनापर्यंत चाणाक्ष माणसाच्या लक्षात येतं. फेल्प्सच्याही येतं. पण 'कुणावरच गुन्हा ठेवत नाही' असा पर्याय नाही. तो असता, आणि तो निवडल्यावर कॅप्टनने आपल्याला फैलावर घेऊन स्टार कापले असते, तर विषय लख्ख झाला असता. नकाराची वाट नसल्यामुळे बऱ्याच जणांना ही आपली नैतिक चूक न वाटता लेखकाची सक्ती वाटते. ही उणीव खरी आहे, आणि चांगली कल्पना अर्ध्या लोकांपर्यंत पोचत नाही त्याचं कारण हीच आहे.

दुसरा तुटणारा धागा फेल्प्सचा स्वतःचा. ज्याच्या डोळ्यांनी गोष्ट दिसते त्याच्या बाजूने प्रेक्षक उभा राहतो, हे गुन्हेगारी कथांमध्ये पुन्हा पुन्हा दिसलं आहे. 'ब्रेकिंग बॅड' या मालिकेत नायकाची बायको स्कायलर हिची भूमिका करणाऱ्या ॲना गन हिने ऑगस्ट 2013 मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहिला. नवऱ्याच्या गुन्ह्यांना विरोध करणाऱ्या या पात्राचा आणि तिचा स्वतःचाही प्रेक्षकांनी केलेला द्वेष हा त्याचा विषय होता. गुन्हेगार नायक होता, म्हणून त्याला अडवणारी बायको खलनायिका झाली. 'एल. ए. नॉयर' उलट दिशेने जातो. फेल्प्सला आपणच चालवतो, पण त्याच्या मनात काय आहे ते आपल्यापासून दडवलेलं असतं. व्हाइस डेस्कवर असताना त्याचे एल्सा या गायिकेशी संबंध आहेत हे उघड होतं, त्याचा संसार मोडतो, आणि खेळणारा चक्रावतो. ज्याला आपण चालवत होतो त्याच्याबद्दल आपल्याला काहीच माहीत नव्हतं! दुसऱ्यांचे चेहरे वाचण्यात आपण इतके गुंतलो की नायकाचा चेहरा वाचलाच नाही, असा अर्थ यातून निघू शकतो, आणि मला तो आवडतो. पण त्यासाठी बायको आणि घर आधी पुरेसं दिसायला हवं होतं. ते जवळजवळ दिसत नाही, म्हणून धक्का पोकळ लागतो.

ओकिनावाची दृश्यं आणि घटनास्थळी पडलेली वर्तमानपत्रं सोडू नका. अशी 13 वर्तमानपत्रं आहेत आणि प्रत्येक उचललं की एक छोटं दृश्य सुरू होतं. युद्धातून परतलेल्या सैनिकांसाठीची घरं, त्यामागचा पैशाचा घोटाळा आणि जाळपोळ, हा शेवटच्या भागाचा कणा याच दृश्यांतून आधीपासून रचला जातो. ती न बघता शेवटाला पोचलेल्यांना आर्सन डेस्क तुटक वाटतो.

गोळीबार आणि पाठलाग मात्र थकवतात. एका चुकीच्या अटकेवरून आपल्याला अस्वस्थ करणारा गेम रस्त्यावरच्या 40 किरकोळ गुन्ह्यांमध्ये माणसं बिनदिक्कत मारायला लावतो आणि त्याबद्दल वहीत एक ओळही येत नाही. खेळणारेही त्याकडे 'मधला ॲक्शनचा भाग' म्हणून बघतात आणि गोष्टीत धरत नाहीत. विषयाच्या दृष्टीने ही सगळ्यात मोठी विसंगती आहे. हे किरकोळ गुन्हे टाळले तरी मुख्य गोष्टीचं काही बिघडत नाही. एखादा ॲक्शनचा प्रसंग तीनदा हुकला तर गेम तो वगळायची परवानगी देतो, ती बेलाशक घ्या. शहर मोठं आणि देखणं आहे, पण त्यात करण्यासारखं थोडं. गाडीत बसण्याचं बटण दाबून धरलं तर सोबतचा अधिकारी गाडी चालवतो आणि थेट ठिकाणावर पोचता येतं.

उत्तर बरोबर की चूक हे गेम कधी सांगतो, यावर आपलं वाचन किती अवलंबून असतं ते दुसऱ्या दोन गेमशी ताडून बघा. 'हर स्टोरी' (2015) मध्ये एका बाईच्या पोलीस जबाबाचे व्हिडिओ शोधायचे. शब्द टाइप केला की तो जिथे आलाय त्यातले पहिले पाचच तुकडे बघता येतात, आणि तुमचा निष्कर्ष बरोबर का, हे गेम शेवटपर्यंत सांगत नाही. 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' (2018) मध्ये जहाजावरच्या 60 जणांचं काय झालं ते ठरवायचं आणि तीन बरोबर जमले की मगच ते पक्के होतात, त्यामुळे एकेका नावावर अंदाज मारत जाणं महागात पडतं. 'एल. ए. नॉयर' मध्ये प्रत्येक उत्तरानंतर लगेच सुरावट वाजते आणि वहीत बरोबर-चूक अशी खूण उमटते. काही तासांत खेळणारा चेहऱ्याऐवजी सुरावटीची वाट बघू लागतो. वाचनाचं स्वातंत्र्य हवं असेल तर 'हर स्टोरी' घ्या, निव्वळ तर्क हवा असेल तर 'ओब्रा डिन'. पोलीस खात्याच्या आत उभं राहून चुकण्याचा अनुभव मात्र इथेच मिळतो.

घेण्याआधी थोडं. शक्यतो सुधारित आवृत्ती घ्या. जुन्या पीसी आवृत्तीत चित्राचा वेग सेकंदाला 30 फ्रेमवर अडकवलेला आहे. स्विचवर हातात धरून खेळता येतं, टचस्क्रीनही चालतो, पण चेहऱ्यातले बारकावे लहान पडद्यावर निसटतात, म्हणून चौकशी तरी टीव्हीला जोडून करा. सुरू केल्यावर सेटिंगमध्ये जाऊन पुरावा जवळ आल्याची थरथर आणि घंटी दोन्ही बंद करा. सबटायटल्स मात्र पहिल्या दोन केसपुरतेच ठेवा, कारण नजर खालच्या ओळीवर गेली की चेहरा सुटतो. कृष्णधवल मोडचा मोह पहिल्या फेरीत आवरा. तो सुंदर आहे, पण त्यात रक्ताचे डाग आणि वस्तूंचे रंग कळत नाहीत. एखाद्या डेस्कच्या सगळ्या केस संपल्या की त्या पुन्हा खेळता येतात. होमिसाइडच्या केस दुसऱ्यांदा खेळाल तेव्हा बारमध्ये शिरल्यावर काउंटरच्या पलीकडे कोण उभं आहे ते आधी बघा.